उमेदवार पक्षाचा की तालुक्याचा?

निवडणुकीचा उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता संपते. त्या तीन वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याने शाईने सही केलेला एक कागद पडावा लागतो. ‘बी फॉर्म’ म्हणून तो आज खेडोपाडी सर्वांस ठाऊक आहे. तो कागद ज्याच्या नावाचा, तो पक्षाचा उमेदवार. पक्षाचे चिन्ह त्याचे. पाच वर्षे गावोगाव फिरून लोकांची गाऱ्हाणी ऐकलेल्या माणसाचे नाव त्या कागदावर नसेल, तर त्याची पाच वर्षे पाण्यात! आणि आदल्या आठवड्यात दुसऱ्या पक्षातून आलेल्या गृहस्थाचे नाव त्यावर असेल, तर तोच ‘आपला माणूस’! पेडणे आणि डिचोली ह्या गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील दोन तालुक्यांनी हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की, त्याचे त्यांना आता नवल वाटेनासे झाले आहे. हे नवल न वाटणे आम्हांस सर्वांत घातुक वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२२ साली निवडून आलेल्या गोवा विधानसभेची पाच वर्षांची मुदत २०२७ साली संपते. मुदतीच्या आधी वर्ष-दीड वर्ष उमेदवारीची कुजबुज सुरू होते, हा नेहमीचा क्रम. कोण कोणाच्या घरी चहास गेला, कोणाचे नाव पणजीत आहे, कोणाचे दिल्लीला पोचले, ह्याच्या वार्ता बाजारात फिरू लागतात. ह्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ज्या मतदाराने त्या नावापुढचे बटण दाबावयाचे, त्याला ते नाव ठरविताना कोणी विचारले काय?

उत्तर सर्वांस ठाऊक आहे. पक्षाने आपला उमेदवार कसा निवडावा ह्याविषयी आपल्या देशाचा कायदा मौन धारण करून बसला आहे. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात उमेदवाराची अनामत रक्कम, अर्जाची छाननी, माघारीची मुदत अशा गोष्टींचा काटेकोर विचार आहे. पण पक्षाच्या आत त्या उमेदवाराचा जन्म कसा व्हावा ह्याविषयी एक अक्षर नाही. तो दिवाणखान्यात जन्मला तरी चालतो आणि मध्यरात्री जन्मला तरी चालतो.

उलट, पक्षावाचून उभे राहू पाहणाऱ्या सामान्य माणसासाठी कायद्याने पायऱ्या बऱ्याच उंच बांधल्या आहेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून आणावे लागतात. विधानसभेसाठी अनामत दहा हजार रुपये, अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांस त्याच्या निम्मी. आणि वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत तर ती सरकारजमा. मतदान यंत्रावरील नावांचा क्रमही ठरलेला आहे: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि सर्वांच्या शेवटी अपक्ष. पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्यास काय वाढले जाते हे सांगावयास नको.

आता २०२२ च्या निवडणुकीकडे पहा. पेडणे तालुक्यात दोन मतदारसंघ, मांद्रे आणि पेडणे. मांद्र्यातून श्री. लक्ष्मीकांत पार्सेकर हे २००२, २००७ आणि २०१२ अशा तीन वेळा भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आले व पुढे २०१४ पासून २०१७ पर्यंत गोव्याचे मुख्यमंत्री झाले. २०१७ साली त्यांचा पराभव केला काँग्रेसच्या श्री. दयानंद सोपटे ह्यांनी. मतदारांनी विचारपूर्वक केलेली ती निवड होती. मुख्यमंत्र्याला घरच्या मतदारसंघात पाडणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पुढच्याच वर्षी सोपटे आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपात गेले, २०१९ च्या पोटनिवडणुकीत त्या पक्षाच्या चिन्हावर परत निवडून आले, आणि २०२२ साली पक्षाने उमेदवारी त्यांनाच दिली. ज्यांनी पाडले त्यांना तिकीट आणि जे पडले ते अपक्ष! माजी मुख्यमंत्री असलेल्या पार्सेकरांना त्या जानेवारीत पक्ष सोडावा लागला आणि दहा सूचकांच्या सह्या घेऊन अर्ज भरावा लागला. निवडून आले ते महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे श्री. जीत आरोलकर. मांद्र्याच्या मतदाराने दोघांनाही घरी बसविले, ह्यातून त्याचे मत पुरेसे स्पष्ट झाले होते. परंतु निकाल लागताच मगोपने भाजपच्या सरकारला पाठिंबा दिला, आणि मतदाराने ज्या दाराने ज्यांना बाहेर काढले होते त्याच घरात त्याचे मत मागच्या दाराने जाऊन बसले.

पेडणे मतदारसंघाची कथा ह्याहून निराळी नाही. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला गोव्यातला हा एकमेव मतदारसंघ. ज्या समाजाला साऱ्या राज्यात चाळीसांपैकी हक्काची एकच जागा, त्या समाजातील तरुणांना तरी ती मोकळेपणी मागता यावयास हवी होती. २०१७ साली तेथून मगोपच्या सिंहावर श्री. मनोहर आजगावकर निवडून आले. २०१९ च्या मार्चमध्ये ते आणि त्यांचे एक सहकारी अशा मगोपच्या तिघांपैकी दोघा आमदारांनी रातोरात आपला विधिमंडळ पक्ष भाजपात विलीन केला. २०२२ साली त्यांना त्यांच्या पक्षाने पेडण्याऐवजी मडगावला उभे केले, तेथे ते पडले. आणि पेडण्यात भाजपची उमेदवारी मिळाली ती निवडणुकीच्या तोंडावर मगोप सोडून आलेल्या श्री. प्रवीण आर्लेकर ह्यांना. ते निवडून आले. व्यक्तिशः ह्या कोणाही गृहस्थांशी आमचे वैर नाही. पण येथे पक्ष, चिन्ह, माणूस आणि मतदारसंघ ह्या चारही गोष्टींची अदलाबदल झाली, आणि तीत मतदाराचा संबंध फक्त शेवटी बोट दाबण्यापुरता आला, हे कोण नाकारील?

येथे एका शब्दाविषयी लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. ‘विलीनीकरण’ हा शब्द आमच्या चळवळीचा. त्या शब्दासाठी ह्या सीमेवरच्या माणसांनी घरदार उधळले, सभा केल्या, पदयात्रा काढल्या, निवडणुका लढविल्या. गोमंतक महाराष्ट्रात विलीन व्हावे ह्या मागणीमागे भाषेचे, संस्कृतीचे, सोयरिकीचे आणि कुळा-मुंडकाराच्या पोटाचे कारण होते. कोणास ती मागणी पटली, कोणास पटली नाही. पण तो शब्द उच्चारताना कोणी खाली पाहिले नाही. आज गोव्यात विलीनीकरण म्हटले की तरुण वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येते? घटनेच्या दहाव्या परिशिष्टातील चौथा परिच्छेद! पक्षांतराला बंदी घालण्यासाठी १९८५ साली आलेल्या त्या परिशिष्टात दोन-तृतीयांश आमदारांच्या संमतीने होणाऱ्या ‘विलीनीकरणा’ला सूट ठेवण्यात आली. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदारांनी तो मार्ग धरला, २०२२ च्या सप्टेंबरात अकरांपैकी आठांनी. एका प्रदेशाच्या विलीनीकरणासाठी लोकांचा कौल घ्यावा लागला होता. आमदारांच्या विलीनीकरणाला लोकांना विचारावेही लागत नाही.

लोकांचा कौल! १६ जानेवारी १९६७ च्या त्या दिवसाची आठवण आमच्या पिढीस सुखाची नाही. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. फुलास १,३८,१७० मते पडली, दोन पानांस १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी आम्ही हरलो. पेडण्याने, डिचोलीने आणि बहुतेक साऱ्या नव्या काबिजादीने फुलास भरभरून मते दिली होती, तरी हरलो. त्याचे शल्य पुष्कळ दिवस राहिले. पण आज मागे वळून पाहता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या मतपत्रिकेवर पेडण्याच्या मतदाराच्या मनात जे होते ते छापलेले होते. त्याच्या विरुद्ध मताचेही तितक्याच मानाने छापलेले होते. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर ह्यांनी, कौल निःपक्षपाती व्हावा अशी जी मागणी होती तिला मान देऊन, डिसेंबर १९६६ च्या आरंभी आपल्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. संसदेने त्याच महिन्यात जनमत कौलाचा कायदा केला. आणि मग लोकांपुढे प्रश्न गेला. तिसरा पर्याय, म्हणजे गोव्याचे स्वतंत्र घटक राज्य, त्या पत्रिकेवर नव्हता; तो ३० मे १९८७ रोजी आपोआप पुढे येऊन उभा राहिला. मतपत्रिकेवर काय छापावयाचे हे ठरविणारा हात निकालातही आपला वाटा घेतो, हे त्यावरून दिसते. तरीही प्रश्न उघडा होता, दोन्ही बाजू उघड्या होत्या, आणि जो हरला त्याला आपण कशाने हरलो हे ठाऊक होते. १९६७ साली पेडणे हरले, पण त्याचे फूल पत्रिकेवर होते. २०२२ साली पेडण्याचे उमेदवार जिंकले. पण पेडण्याचे फूल कोठे होते?

त्याही आधी, मुक्तीनंतर दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. त्या निवडणुकीचे मर्म उमेदवारीच्याच प्रश्नात होते, ह्याचा आज विसर पडला आहे. स्वातंत्र्य मिळवून देणारा पक्ष म्हणून काँग्रेसचा दरारा मोठा, पंडित नेहरू पंतप्रधान. पण त्या पक्षाच्या गोव्यातील उमेदवारीत भाटकारांचे आणि प्रतिष्ठित घराण्यांचेच वजन आहे, बहुजन समाजाला ओसरीवर बसविले जाते, ही तक्रार घरोघर होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ओसरीवरच्या माणसाला आत घेतले. निकाल असा की, गोव्यातील अठ्ठावीस जागांपैकी एकही काँग्रेसच्या पदरी पडली नाही. तिची एकमेव जागा दमणला आली. पेडण्यातच जन्मलेले भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीत उभे नव्हते. मुख्यमंत्री झाल्यावर ते मडकईहून पोटनिवडणुकीने निवडून आले. आधी इतरांना उमेदवारी आणि मग स्वतःला, हा क्रम आजच्या पुढाऱ्यांस विलक्षण वाटेल. ज्या पक्षाचा जन्म उमेदवारीतल्या अन्यायाविरुद्ध झाला, त्या पक्षाने आज उमेदवारीचा निर्णय मूठभरांच्या हाती ठेवावा आणि निवडून आल्यावर ज्याच्याविरुद्ध मते मागितली त्याच्याच पंगतीला बसावे, ह्याचे दुःख आम्हांस इतर पक्षांच्या वागण्यापेक्षा अधिक होते. परक्याकडून अपेक्षाच कोठे होती?

हे सर्वत्र असेच चालते, असे सांगून आमचे तोंड बंद करू पाहणारे पुष्कळ आहेत. सर्वत्र असे चालत नाही. निदान सर्वत्र लोकांनी ते निमूटपणे चालू दिलेले नाही. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने अध्यक्षपदासाठी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री ह्यांना उमेदवारी दिली. त्यांनी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक एकाही राज्यात लढविली नव्हती. पुढाऱ्यांनी ठरविले, अधिवेशनाने शिक्का मारला. शिकागोच्या त्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर जो क्षोभ उसळला त्याने साऱ्या जगाचे लक्ष वेधले. हम्फ्री नोव्हेंबरात पडले. आणि पक्षाला आयोग नेमून नियम बदलावे लागले. १९७२ पासून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यात राज्याराज्यांतील सामान्य मतदाराचे मत निर्णायक ठरू लागले.

तेथेही सारे सोन्याचे आहे असे आम्ही म्हणत नाही. पक्षाच्या प्राथमिक मतपत्रिकेवर नाव येण्यासाठीही तेथे राज्याराज्यांत निराळे अडथळे आहेत. २०१२ साली व्हर्जिनिया राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी दहा हजार मतदारांच्या सह्या लागत, शिवाय प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान चारशे. न्यूट गिंग्रिच ह्यांचे राहते घर त्याच राज्यात. तरी त्यांचे नाव पत्रिकेवर आले नाही. टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी ह्यांचेही नाही. ते न्यायालयात गेले, तेथेही हरले. मिट रॉम्नी आणि रॉन पॉल अशी दोनच नावे उरली. २०२४ साली तर फ्लोरिडातील डेमोक्रॅटिक पक्षाने अध्यक्ष बायडन ह्यांचे एकच नाव सरकारकडे धाडले. प्रतिस्पर्धी डीन फिलिप्स ह्यांनी आक्षेप घेतला, पण नाव एकच असल्याने प्राथमिक निवडणूकच झाली नाही. म्हणजे मुजोरी तेथेही आहेच! फरक एवढाच की, तेथे तिला मुजोरी म्हणतात. नाव का वगळले ह्याचा जाब वृत्तपत्रांतून आणि न्यायालयांतून विचारला जातो. आपल्याकडे उमेदवारी हे पुढाऱ्याने दिलेले दान समजले जाते. ‘तिकीट मिळाले’, ‘तिकीट कापले’ ही आपली भाषाच पहा. लोकसभा-विधानसभा म्हणजे जणू तिकीट काढून पाहावयाची नाटके!

सीमेपलीकडच्या, म्हणजे बेळगावच्या आमच्या बांधवांकडेही ह्या बाबतीत पहावयास हवे, आणि तेथून दोन्ही प्रकारचे धडे घ्यावयास हवेत. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. साऱ्या देशाने सीमाप्रश्नाकडे पहावे म्हणून मराठी माणसाने शेकड्यांनी अर्ज भरले. प्रश्न मतपत्रिकेवर घेत नाही काय? मग आम्ही मतपत्रिकाच व्यापून टाकतो! ती कल्पना धाडसी खरी. त्याच निवडणुकीत नलगोंड्यालाही असेच शेकडो उमेदवार होते आणि तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभेला हजाराहून अधिक. सरकारने त्यातून काय शिकावे? प्रश्न सोडवावा? छे! त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजारांवर नेण्यात आली, आणि अपक्षांसाठी दहा सूचकांची अट आली. आज पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या साध्या कार्यकर्त्याला ज्या दहा सह्या गोळा कराव्या लागतात, त्यांच्यामागे बेळगावच्या त्या आंदोलनाचाही वाटा आहे.

दुसरा धडा अधिक कटू आहे. कर्नाटक विधानसभेत २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. २०१८ साली समितीच्या दोन गटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार दिले आणि एकही आला नाही. २०२३ सालीही एकही नाही. मराठी मते नाहीशी झाली नव्हती. उमेदवार ठरविण्याची सर्वमान्य रीत नाहीशी झाली होती. एका घरात दोन चुली पेटल्या की धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो. पुढाऱ्यांनी लादलेला उमेदवार जितका वाईट, तितकेच ज्याच्या मनास येईल त्याने आपल्या नावाचा अर्ज भरणे वाईट.

म्हणून आमचे म्हणणे पक्षांना आहे तसे आपल्याच लोकांनाही आहे. उमेदवारी मागणारा कोणत्याही पक्षाचा असो, त्याने मुदतीच्या निदान तीन महिने आधी आपल्या मतदारसंघाच्या उघड्या सभेत उभे रहावे. देवळाच्या मंडपात रहावे, शाळेच्या पटांगणात रहावे, कोठेही. पण दिवाणखान्यात नव्हे. तेथे त्याला विचारू द्या. डिचोलीत विचारू द्या की, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्टे रद्द केल्यावर ज्यांच्या दारात ट्रक उभे राहून गंजले त्यांच्यासाठी तुम्ही काय केले? मये येथे पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या जमिनींच्या हक्काचा गुंता तुम्ही वाचला तरी आहे काय? पेडण्यात विचारू द्या की, मोपाचा विमानतळ उभा राहिला, विमाने उतरू लागली. ज्यांच्या काजूच्या बागा गेल्या त्यांच्या मुलांना तेथे कोणते काम मिळाले? तिळारीचे पाणी शेतात किती आणि हॉटेलांत किती? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामकाजात मराठीलाही स्थान दिले. मामलेदाराच्या कचेरीत मराठीतून अर्ज केला तर उत्तर कोणत्या भाषेत येते, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? आणि सर्वांत शेवटी हे विचारू द्या, आणि उत्तर लेखी घ्या: निवडून आल्यावर पक्ष बदलावासा वाटला, तर आमदारकीचा राजीनामा देऊन परत आमच्यापुढे याल काय? कायदा त्या कागदाला किंमत देणार नाही हे आम्ही जाणतो. गावात मात्र त्याला किंमत राहील.

ह्या सभांतून जो माणूस लोकांच्या पसंतीस उतरेल त्याला एखाद्या पक्षाने आपला बी फॉर्म दिला तर उत्तमच. नाही दिला तर अपक्ष म्हणून उभे राहण्यास भिण्याचे कारण नाही. डिचोली मतदारसंघाने २०२२ साली डॉ. चंद्रकांत शेट्ये ह्यांना अपक्ष म्हणून निवडून दिलेच होते. यंत्रावर खालचे नाव असले तरी ज्याला शोधावयाचे त्याला ते सापडते. पुढे त्यांनीही सत्ताधाऱ्यांनाच पाठिंबा दिला ही गोष्ट निराळी, आणि लेखी उत्तर आधी घ्यावे असे आम्ही म्हणतो ते त्यासाठीच.

बांदा, सावंतवाडी आणि दोडामार्ग येथील आमच्या वाचकांची नावे गोव्याच्या मतदार यादीत नाहीत. पण लेकी-सुना त्या बाजूच्या आहेत, भावकी त्या बाजूची आहे, पत्रादेवीला १९५५ च्या सत्याग्रहात सांडलेले रक्त दोन्ही बाजूंचे आहे. त्यांनी आपल्या पाहुण्यांना एवढे तरी विचारावे की, तुमच्या गावात अशी सभा कधी भरणार आहे? आणि मांद्रे, हरमल, मोरजी, केरी, पालये, पार्से येथील, तसेच लाटंबार्से, साळ, मेणकुरे, मुळगाव येथील आमच्या वाचकांनी मतदार यादीत आपले नाव आहे की नाही हे आजच पहावे. दहा सूचक लागतात ते त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. ते दहाही एका वाड्यावरचे, एका जातीचे, एका घरचे नसावेत. दहा गावांचे दहा असावेत आणि त्यांत निदान चार स्त्रिया असाव्यात. त्यांच्या सह्या तीन वाजण्याच्या घाईत घेऊ नयेत. सभा उठण्यापूर्वी, सर्वांसमक्ष घ्याव्यात.